शिळं पाणी आणि निऱ्यांचं गाळणं

अमेरिकेतल्या मराठी माणसाची प्रगती त्याच्या घराच्या पुढच्या दारावरून नव्हे, मागच्या दारावरून मोजावी, असे आमचे ठाम मत आहे. पहिली काही वर्षे अपार्टमेंटची बाल्कनी. तिथे कुंडीत तुळस आणि लीजिंग ऑफिसची नजर चुकवून कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. मग टाउनहाउसचा पॅटिओ आणि त्यावर ग्रिल. त्यानंतर स्वतःचे घर, मागे लाकडी डेक आणि डेकच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने ठेवून दिलेला हॉट टब. आपल्यापैकी फार थोड्यांनी हा टब दुकानात जाऊन हौसेने विकत घेतला असेल. बहुतेकांकडे तो घराबरोबर आंदण आल्यासारखा आला आहे. झाकण उघडलं, पाणी गरम होतंय, बुडबुडे येतायत, चला, झकास! माहितीपुस्तक मात्र आधीच्या मालकाबरोबर दुसऱ्या गावी गेलेलं असतं.

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे असताना आम्ही टबवाल्या मित्रांना एक प्रश्न हटकून विचारतो, "फिल्टर शेवटचा कधी धुतला होतास?" उत्तर बहुधा प्रतिप्रश्नाच्या रूपाने येते, "त्याला फिल्टर असतो का?"

असतो, मंडळी. आणि त्याच्याबद्दल चार पानं लिहावीत इतका तो महत्त्वाचा आहे. कारण आपल्या टबात नुसते आपण बसत नाही. दिवाळीच्या पार्टीला आलेली दहा-बारा पोरं बसतात आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आई-वडील गुडघे शेकायला बसतात.

टब आला कुठून

‘जकुझी’ हा शब्द आपण ‘झेरॉक्स’सारखा सरसकट वापरतो, पण ते आपल्यासारख्याच एका परदेशातून आलेल्या कुटुंबाचे आडनाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर इटलीतून सात जकुझी भाऊ कॅलिफोर्नियात आले. आधी त्यांनी विमानांचे पंखे बनवले, मग विमान बनवले. १९२१ साली त्यांच्या विमानाला अपघात झाला आणि त्यात एक भाऊ गेला. मग तो नाद सोडून ते शेतकऱ्यांसाठी विहिरीचे पंप बनवू लागले.

त्यांच्यातल्या कँडिडोचा मुलगा केनेथ याला अगदी लहानपणी सांधे आखडणारा संधिवात जडला. हॉस्पिटलमधल्या पाण्याच्या झोतांनी त्याला आराम पडे, पण घरी काय करायचं? घरचा धंदाच पंपांचा. तेव्हा न्हाणीघरातल्या साध्या टबात सोडता येईल असा छोटा पंप त्यांनी तयार केला आणि १९५६ मध्ये तो जे-३०० या नावाने बाजारात आणला. पुढे १९६८ साली रॉय जकुझीने पंप आणि झोत आतच बसवलेला टब आणला. म्हणजे या चैनीच्या वस्तूच्या मुळाशी एका आजारी मुलाचे दुखणे आहे.

पण एक फरक लक्षात घ्या. न्हाणीघरातल्या त्या टबातले पाणी वापरून झाले की मोरीत जाते. आपला डेकवरचा टब तसा नाही. त्यात तीनशे-चारशे गॅलन पाणी असते. रोज ते ओतून नवे तापवायचे म्हटले तर मॉर्टगेजच्या जोडीला विजेचाही हप्ता बसेल. म्हणून तेच पाणी ठेवायचे, तेच गाळायचे, तेच पुन्हा वापरायचे. हॉट टबचे सगळे सुख आणि सगळे दुखणे या एका गोष्टीत आहे.

"हे पाणी आजचं की कालचं?"

तीन वर्षांपूर्वी आमची आई इथे आली होती. गुडघ्यांना बरं वाटेल म्हणून सौ.ने तिला टबाजवळ नेलं. तिने पाण्यात हात घातला, "छान कढत आहे गं" म्हणाली आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "अरे, हे पाणी आजचं की कालचं?"

"जूनमधलं आहे, आई." तेव्हा ऑगस्ट चालू होता.

"म्हणजे शिळं!"

आपल्याकडे अन्नासारखं पाणीही शिळं आणि ताजं असतं. रात्रीची घागर सकाळी ओतून पुन्हा भरायची, हे ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांना दोन महिन्यांच्या पाण्यात बसवणं सोपं नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांची गोष्ट वेगळी. तिथे जमिनीतून नवं पाणी येत राहतं आणि जुनं पुढे जातं.

पण आईने पुढे जे विचारलं ते आमच्या एम.एस.च्या प्रोफेसरांनाही आवडलं असतं. ती म्हणाली, "मग गाळता कशाने? आणि औषध कोणतं घालता?"

तिने दोन प्रश्न विचारले, एक नाही. तिचं माहेर बीड जिल्ह्यातलं. लहानपणी गावात पायऱ्यांची बारव होती आणि घरोघरी नारूचे रोगी होते. नारू पसरवतो तो पाण्यातला एक बारीक कीटक. तो डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा असतो, त्यामुळे दुहेरी फडक्यात अडकतो. पाणी गाळून प्यायची सवय आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप, या दोन साध्या गोष्टींनी फार मोठं काम केलं. १९९६ मध्ये भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. पण विषमज्वराचा जंतू फडक्यातून आरपार जातो. त्याच्यासाठी ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते. गाळणं वेगळं आणि औषध वेगळं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. हॉट टबलाही अगदी हेच दोन लागतात, फिल्टर आणि क्लोरिन. क्लोरिनच्या जागी ब्रोमिनही चालतं. एकाचं काम दुसरं करत नाही, पण एक बिघडलं की दुसरंही बिघडतं.

नऊवारीचा हिशोब

फिल्टर बाहेर काढून पाहिलात तर पांढऱ्या कापडाच्या उभ्या निऱ्या घातलेला एक दंडगोल दिसेल. हे कापड पॉलिएस्टरचं असतं, विणलेलं नव्हे तर तंतू एकमेकांवर दाबून केलेलं. फिल्टरच्या नावापुढे ५० किंवा १०० चौरस फूट असं लिहिलेलं असतं. एवढ्याशा नळकांड्यात १०० चौरस फूट कसे मावतील, अशी शंका येणं साहजिक आहे. नऊवारी लुगडं आठवा. नऊ वार म्हणजे २७ फूट लांबी आणि साधारण पावणेचार फूट पन्हा. गुणाकार करा, १०० चौरस फूट. निऱ्या घातल्या की अख्खं लुगडं कमरेभोवती बसतं ना? तसंच हे.

एवढं कापड कशाला? तर पाण्याचा वेग कमी राहावा म्हणून. समजा पंप मिनिटाला ५० गॅलन पाणी ओढतो आणि फिल्टर ५० चौरस फुटांचा आहे. म्हणजे कापडाच्या एका चौरस फुटातून मिनिटाला एक गॅलन. हिशोब केला तर पाणी कापडातून मिनिटाला दीड इंचाच्या आसपास सरकतं. मुंगीसुद्धा त्याहून जोरात चालते. या संथपणामुळेच बारीक कचरा कापडात अडकून राहतो.

आता निऱ्या तेलाने एकमेकींना चिकटल्या आणि अर्धंच कापड मोकळं राहिलं असं धरा. पाणी तेवढंच आणि वाट अर्धी, म्हणजे वेग दुप्पट आणि पाणी ढकलायला लागणारा जोरही साधारण दुप्पट. पंप धापा टाकतो, हीटरला पुरेसं पाणी मिळत नाही आणि पॅनेलवर ‘एफ-एल-ओ’ अशी काहीतरी अक्षरं लुकलुकतात. मेकॅनिकला फोन लावण्याआधी टबात कोणी नसताना फिल्टर काढा आणि एक मिनिटभर टब चालवून पाहा. अक्षरं गेली तर दुखणं फिल्टरचं आहे आणि औषध तुमच्या होजपाइपमध्ये आहे. मात्र एक मिनिट म्हणजे एकच मिनिट. फिल्टरशिवाय टब चालवत ठेवू नये, केस आणि कचरा थेट पंपात जातो.

पण पंपापेक्षा मोठा प्रश्न माणसांचा आहे. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फिल्टरचं कापड १०-२० मायक्रॉनपर्यंतचा कचरा धरतं. जंतू असतात एक-दोन मायक्रॉनचे. ते निऱ्यांतून खुशाल निघून जातात. त्यांना मारायचं काम क्लोरिनचं. पण क्लोरिनला जंतू आणि खोबरेल तेल यांतला भेद कळत नाही. घाम, तेल, कातडीचा कोंडा, लोशन, जे समोर येईल त्याच्यावर ते खर्च होतं. दिवसाचे चोवीस तास पाणी ज्यातून फिरतंय तो फिल्टरच तेलाने माखलेला असला, तर आपण घातलेलं क्लोरिन तिथेच संपतं. पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. मळलेल्या निऱ्यांच्या खोबणीत तर ते घर करून राहतात.

फिलाडेल्फिया ते फ्लेचर

ही नुसती भीती नाही. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर लोक न्यूमोनियाने आजारी पडू लागले. एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. पुढच्या वर्षी सीडीसीच्या शास्त्रज्ञांना जो नवा जंतू सापडला, त्याला लीजनवरून ‘लीजनेला’ हे नाव मिळालं. हा जंतू पाणी पिऊन बाधत नाही. पाण्याचे अगदी सूक्ष्म तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की बाधतो. ७७ ते ११३ अंश फॅरनहाइट या तापमानात तो वाढतो. आपला टब असतो १०० ते १०४ अंशांवर आणि बुडबुड्यांचे तुषार उडवणं हेच तर त्याचं काम!

सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅशव्हिलजवळ फ्लेचर इथे राज्याची पहाडी जत्रा भरली होती. एका मोठ्या हॉलमध्ये विक्रीसाठी हॉट टब भरून, चालू करून मांडले होते. जत्रेनंतर सव्वाशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चौघांचा मृत्यू झाला. तपासात बोट गेलं ते त्या टबांकडे. आजारी पडलेले लोक टबात बसले नव्हते, शेजारून चालत गेले होते.

सीडीसीच्या म्हणण्याप्रमाणे पन्नाशी ओलांडलेले, सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, फुप्फुसाचे जुने विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना हा धोका जास्त. ही यादी वाचली की आपल्याला आपले पाहुणे दिसू लागतात. तरुणांना बहुधा एवढं मोठं काही होत नाही. त्यांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे पोहण्याच्या कपड्यांखाली लाल, खाजरे पुरळ येते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते.

धुवायचं कसं

आता कामाचं बोलू. सुरुवातीलाच सर्किट ब्रेकर बंद करा, मग फिल्टरला हात घाला.

दर एक-दोन आठवड्यांनी फिल्टर काढून होजपाइपने धुवा. धार तिरकी धरा आणि वरून खाली या. बोटाने एकेक निरी उघडत जा. घाई करू नका, एका फिल्टरला दहा मिनिटं लागतात. प्रेशर वॉशर वापरू नका, तंतू फाटतात आणि कापडाला भोकं पडतात. तारेचा ब्रश नको. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीन तर नकोच नको.

होजने माती-केस जातात, तेल जात नाही. कढईतलं तेल नुसत्या पाण्याने जातं का? म्हणून दर तीन महिन्यांनी फिल्टर भिजत घालायचा. दुकानात मिळणारं फिल्टर क्लीनर घ्या, किंवा पाच गॅलनच्या बादलीत एक कप टीएसपी म्हणजे ट्रायसोडियम फॉस्फेट. ते रंगाच्या दुकानात मिळतं. हातमोजे घाला, फिल्टर रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. साबणाचा अंश राहिला तर टबात इतका फेस होतो की ताकाचा माठ घुसळल्यासारखं वाटतं.

तेल निघाल्यावरही निऱ्यांवर पांढरी खरखरीत पुटं दिसली तर तो जड पाण्याचा क्षार आहे. त्याला आम्ल लागतं. २० भाग पाण्यात १ भाग म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड, बुडबुडे थांबेपर्यंत. इथे तीन नियम पाठच करा. पहिला, आधी तेल काढायचं, मगच अ‍ॅसिड. उलटं केलं तर तेल कापडात कायमचं बसतं आणि फिल्टर फेकावा लागतो. दुसरा, अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीही नाही. तिसरा, अ‍ॅसिडच्या आसपास क्लोरिन किंवा ब्लीच येऊ द्यायचं नाही, विषारी वायू होतो. हे काम उघड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून, मुलांना घरात बसवून करायचं. उरलेलं पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका, ते सरळ ओढ्याला जातं.

फिल्टरचे दोन संच ठेवा, ही आमची सगळ्यात कळकळीची शिफारस. एक टबात, एक गराजमध्ये पूर्ण वाळत. मिनेसोटा-मिशिगनच्या मंडळींना हे लगेच पटेल. शून्याखाली तापमान असताना डेकवर निऱ्या धूत कोण बसणार? कोरडा फिल्टर दोन मिनिटांत बदलायचा आणि ओला घरात नेऊन बेसमेंटच्या सिंकमध्ये धुवायचा.

एवढं केलं तरी फिल्टर अमर नाही. वर्ष-दोन वर्षांत कापडाला लव सुटते, निऱ्या चपट्या होतात, टोकांच्या टोप्यांना तडे जातात. मग जीव गुंतवू नये, नवा आणावा. आपल्याला जुनी बरणीसुद्धा टाकवत नाही, हे मान्य. पण नवा फिल्टर इमर्जन्सी रूमच्या बिलापुढे काहीच नाही.

राहिलं पाणी बदलण्याचं. साधं सूत्र आहे. टबाचे गॅलन भागिले ३, भागिले रोज बसणारी माणसं, म्हणजे दिवस. ४०० गॅलनचा टब आणि रोज दोघं जण, तर साधारण ६६ दिवस. एका संध्याकाळी बारा जण बसले की त्यातले सहा दिवस एकदम खर्च झाले असं समजा. पाणी काढण्याआधी पाइप साफ करण्याचं औषध घालून टब चालवा. नळ्यांच्या आत बसलेला बुळबुळीत थर फिल्टरला कधी भेटतच नाही.

आपल्या घरच्या गोष्टी

अमेरिकन माहितीपुस्तकांत काही गोष्टी नसतात, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नाहीत. डोक्याला तेल लावून टबात उतरू नये. नरकचतुर्दशीला अभ्यंग आणि उटणं जरूर करा, पण टबात उतरायचं ते शिकेकाई-साबणाने स्वच्छ आंघोळ झाल्यावर. होळीचा रंग अंगावर असताना तर टबाचं झाकण उघडूच नका. सुती साडी, सुती चड्डी यांचे धागे आणि रंग सुटतात आणि निऱ्यांत जाऊन बसतात. पाहुण्यांसाठी पोहण्याचे दोन-चार जादा कपडे घरात ठेवावेत. आणि ज्याला त्याला "आधी शॉवर घे रे" म्हणायला लाजू नये. देवळाच्या दारात पाय धुतल्याशिवाय आत जात नाही, मग इथेच भीड कसली?

उतरण्यापूर्वी टेस्ट स्ट्रिप बुडवून पाहा. क्लोरिन निदान ३ पीपीएम किंवा ब्रोमिन ४ ते ८, पीएच ७ ते ७.८ आणि तापमान १०४ अंशांच्या वर नाही, हे सीडीसीचे आकडे. पट्टी रंग दाखवत नसेल तर कोणीही उतरायचं नाही, अगदी बारा जण टॉवेल घेऊन रांगेत उभे असले तरी. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात बसवू नये. गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आई-वडिलांनीही विचारावं, पाणी थोडं कोमट ठेवावं, दहा मिनिटांत बाहेर यावं आणि उठताना कोणीतरी हात द्यावा.

नायगारा किंवा यलोस्टोनला जाताना ठेपल्यांच्या डब्याबरोबर स्ट्रिपची डबीही घ्या. मोटेलच्या टबाचा फिल्टर आपल्याला दिसत नाही, पण त्याच्या पाण्यात पट्टी बुडवायला कोणाची ना नसते.

आणि एक सांगायचं राहिलं. टबात बसून गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत घरातल्या ज्येष्ठांना ताप, खोकला, दम लागणं असं काही सुरू झालं, तर डॉक्टरांना टबाबद्दल आपण होऊन सांगा. लीजनेलाची तपासणी वेगळी असते, ती मागवावी लागते आणि त्यावरची अँटिबायोटिक्सही ठरावीक असतात. आई-वडील स्वतः हे सांगणार नाहीत. "मुलाने एवढ्या हौसेने बसवलं, त्याच्या टबाला कशाला नाव ठेवायचं" म्हणून गप्प बसतील. ते सांगणं आपलं काम आहे.

हा अंक हातात पडेल त्या शनिवारी डेकवर जा, ब्रेकर बंद करा आणि फिल्टर बाहेर काढून उजेडात धरा. निऱ्या पांढऱ्या दिसल्या तर उत्तम. मातकट आणि तेलकट दिसल्या तर बादली शोधा. रविवारी सकाळपर्यंत काम होतं.